गोळी आणि वळकटी

मुंबईच्या गिरणगावातल्या चाळीत दिवस सुरू होई तो अंथरुणे गुंडाळण्याने. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे झोपलेली असत. नळाला पाणी यायची वेळ झाली की एकेक जण उठे, गोधडी झटके, सतरंजीत उशी घालून वळकटी बांधे आणि ती माळ्यावर नाहीतर कोपऱ्यातल्या ट्रंकेवर चढवून ठेवी. मग त्याच जमिनीवर चहा, अभ्यास, जेवण, पाहुणे, निवडणे-टिपणे सगळे चाले. रात्रीची जेवणे आटोपून जमीन पुसून झाली म्हणजे वळकटी खाली उतरे. अंथरूण पसरले की झोपायचे, एवढा एकच अर्थ शरीराला ठाऊक होता.

1972 साली रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशावर एक उपचार मांडला. त्याचे नियम अगदी साधे. झोप आली तरच अंथरुणावर जा. अंथरुणावर झोपेखेरीज दुसरे काही करू नका. वाचन, खाणे, हिशेब, काळजी, काही नको. झोप लागत नसेल तर उठून दुसरीकडे जा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठा. दिवसा झोपू नका. या नियमांमागचे कारण असे: निद्रानाशाचा माणूस महिनोन् महिने अंथरुणावर जागा पडून राहतो, आणि हळूहळू अंथरूण हीच त्याच्या मेंदूसाठी जागे राहण्याची खूण होऊन बसते. टीव्हीसमोर खुर्चीत पेंगणारा माणूस गादीवर पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो यामुळे. ही जोडलेली गाठ सोडवायची, हा उपचाराचा गाभा. चाळीतल्या वळकटीने हे कोणी न शिकवता केलेले होते.

याचा अर्थ चाळीत सगळे सुखाने झोपत होते, असे मी म्हणणार नाही. गिरण्यांत तीन पाळ्या चालत. रात्रपाळीहून आलेला कामगार सकाळी अंग टाकायला येई तेव्हा खोलीत पोरांची शाळेची घाई, स्टोव्हचा आवाज आणि गॅलरीत भांड्यांचा खडखडाट असे. पाळी बदलली की शरीराचे घड्याळ पुन्हा उलटे फिरवावे लागे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप रीतसर कधी मिटलाच नाही आणि भोंगे एकेक करून बंद पडले. त्या वर्षांत या वस्तीतल्या किती घरांत रात्री कोणी नुसते आढ्याकडे पाहत पडले असेल, याची नोंद कोणत्याच दवाखान्यात झालेली नाही.

आज तिथेच काचेचे मनोरे उभे आहेत. ना. म. जोशी मार्ग, वरळी, नायगाव इथल्या बीडीडी चाळींमधली 160 चौरस फुटांची खोली जाऊन 500 चौरस फुटांचे घर मिळणे, ही अनेक कुटुंबांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे आणि ती त्यांना मिळायलाच हवी. मात्र नव्या घरात पलंग आला आणि तो दिवसभर अंथरलेला राहू लागला. पलंगावर बसून जेवण होते, मुले तिथेच क्लासचा गृहपाठ करतात, कोणी तिथूनच ऑफिसचे काम करते, आणि रात्री दिवा मालवल्यावरही हातातला फोन चालू असतो. वळकटीची शिस्त गेली, आणि उशाशी गोळ्यांची पट्टी आली.

या पट्टीबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मते आहेत. एक बाई म्हणते, "गोळी नको बाई, सवय लागली तर जन्माची." दुसरे आजोबा म्हणतात, "माझी अर्धी गोळी दहा वर्षं चालू आहे, काही होत नाही." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि दोघेही एक गोष्ट विसरतात. गोळी घ्यावी की नाही, या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न असा की गोळी चालू असताना आपण आणखी काय करतो, आणि गोळी कधी थांबवतो. या लेखात मला मुख्यतः तेवढेच सांगायचे आहे.

आधी निद्रानाश कशाला म्हणायचे ते पाहू. आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नाही, किंवा मध्येच मोडते, किंवा पहाटे फार लवकर जाग येते. झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही हे होते. दिवसाच्या कामावर, मनःस्थितीवर त्याचा परिणाम होतो. आणि हे तीन महिने चालू राहते. असे असेल तर तो जुनाट निद्रानाश. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे किंवा मुलीच्या लग्नाच्या धावपळीतले जागरण म्हणजे निद्रानाश नव्हे. लालबागमध्ये गणपतीच्या दहा दिवसांत झोप उडणे हाही आजार नाही.

आर्थर स्पीलमन या संशोधकाने 1987 साली या आजाराची जी उकल केली ती मला फार उपयोगी वाटते. तो म्हणाला, कारणे तीन थरांत शोधा. पहिला थर स्वभावाचा आणि शरीराचा: काही जण मुळातच हलक्या झोपेचे, विचार घोळवणारे असतात. दुसरा थर निमित्ताचा: घरातला मृत्यू, नोकरी जाणे, ऑपरेशन, बाळंतपण. तिसरा थर टिकवून धरणाऱ्या सवयींचा: झोप भरून काढायला लवकर आडवे होणे, दुपारी दोन तास झोपणे, रात्री घड्याळ बघत राहणे, उद्याच्या भीतीने आजच तयारीला लागणे. निमित्त कालांतराने ओसरते. सवयी मात्र राहतात, आणि आजार त्यांच्या आधाराने वर्षानुवर्षे तग धरतो. म्हणून "मला आता कसलंच टेन्शन नाही, तरी झोप नाही" असे म्हणणारा माणूस खरेच बोलत असतो. त्याच्या दुखण्याचे मूळ आता तिसऱ्या थरात आहे.

गोळी या तिसऱ्या थराला हातच लावत नाही. 1960 साली क्लोरडायझेपॉक्साइड बाजारात आले, 1963 साली डायझेपाम आले आणि त्यांनी बार्बिट्युरेट या जुन्या, धोकादायक औषधांची जागा घेतली. त्यांच्या कुळातली नायट्राझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि नंतर आलेले थोडे वेगळे झोल्पिडेम ही नावे आज मुंबईतल्या पुष्कळ घरांत बिनचूक माहीत असतात. मेंदूत गाबा नावाचे रसायन पेशींची लगबग शांत करते. या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. काम लवकर होते, पहिल्याच रात्री होते, आणि ज्याचा तीन आठवडे डोळ्याला डोळा लागलेला नाही त्याच्यासाठी ते मोठे उपकार आहेत. ते मी नाकारणार नाही. पण काही आठवड्यांनी शरीर गोळीला सरावते. एखादी रात्र गोळी चुकली की झोप पूर्वीपेक्षाही वाईट मोडते, आणि माणसाची खात्री पटते की माझी झोप या पट्टीतच आहे. खरे तर ती वाईट रात्र म्हणजे गोळी सुटल्याची प्रतिक्रिया असते.

म्हाताऱ्या माणसांना धोका अधिक. गोळीच्या अमलात रात्री लघवीला उठायचे, अंधाऱ्या गॅलरीतून टोकाच्या सामायिक संडासापर्यंत जायचे, उंबरा ओलांडायचा. खुब्याचे हाड मोडण्याची गोष्ट अशीच घडते. स्मरण मंदावते, सकाळी डोके जड राहते. दारूबरोबर गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. झोल्पिडेमने काही जण झोपेतच उठून चालतात, स्वयंपाक करतात, गाडीही काढतात. 2019 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. आपल्याकडेही अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. 1 मार्च 2014 पासून केमिस्टने ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि दिली की डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. ओळखीच्या दुकानातून "नेहमीची द्या" म्हणून पट्टी आणणाऱ्याने हा नियम आपल्याच जिवासाठी आहे हे ध्यानात घ्यावे.

मग डॉक्टर गोळी लिहितात तरी का? सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन उभे राहा म्हणजे उत्तर मिळेल. केसपेपरची रांग जिन्यापर्यंत आलेली असते. एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. गोळी दोन मिनिटांत लिहून होते. सवयी बदलण्याच्या उपचाराला चार ते आठ भेटी लागतात, प्रत्येक भेटीत वही तपासावी लागते, माणसाला बोलते करावे लागते. हे काम शिकलेली माणसे फार थोडी आहेत. डॉक्टरांना दोष देऊन हे सुटणार नाही.

तरीही या प्रश्नाला परळमध्येच एक जुना आणि अभिमानाचा संदर्भ आहे. 1926 साली सुरू झालेल्या के.ई.एम. रुग्णालयात मानसोपचार विभागाचे प्रमुख डॉ. एन. एस. वाहिया यांनी साठच्या दशकात एक वेगळाच विचार केला. गोळ्या नुकत्याच आल्या होत्या आणि सगळे जग त्यांच्या कौतुकात होते. वाहिया, डॉ. डी. आर. दुंगाजी आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामचे डॉ. विनेकर यांनी 1966 साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीमध्ये मनोविकारांच्या उपचारात प्राचीन भारतीय संकल्पना कशा वापरता येतील यावर लेख लिहिला. पुढे त्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांतल्या आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान या पायऱ्यांवर बेतलेला उपचार चिंताविकार आणि मनोकायिक विकारांच्या रुग्णांना दिला. त्याची तुलना त्यांनी वरवर तशाच दिसणाऱ्या पण मूळ तत्त्व नसलेल्या उपचाराशी केली. योगाच्या नावाने डोळे मिटून होकार द्यायचा नाही, तो औषधासारखाच तपासून घ्यायचा, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. या चमूत तेव्हा एक तरुण डॉक्टर होते दिलीप जेस्ते. महाराष्ट्रातून गेलेले हेच जेस्ते पुढे 2012 साली अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

वाहियांचे रुग्ण केवळ निद्रानाशाचे नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरी मला एक योग विलक्षण वाटतो. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकातच आपल्या उपचाराला त्यांनी जडलेली सवय सोडवणारा उपचार म्हटले आहे. त्याच वर्षी अमेरिकेत शिकागोजवळ बूटझिन अंथरूण आणि जागेपणा यांची गाठ सोडवायला निघाला होता. परळ आणि शिकागोकडची माणसे एकमेकांना न विचारता एकाच वाटेवर होती: मनाने जे शिकले ते मनाला विसरायलाही शिकवता येते.

विचारांच्या बाजूचा उपचारही मराठी वाचकाला परका नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मुंबईत राहून मराठीत रुजवली. "मला आठ तास झोप मिळालीच पाहिजे, नाहीतर उद्याचा दिवस वाया" हे वाक्य फडक्यांच्या वाचकाला लगेच ओळखू येईल. त्यातला 'च' हा झोपेचा वैरी आहे. झोप ही मागून मिळत नाही. जितकी ताणावी तितकी ती निसटते. त्या वाक्याच्या जागी "झोप कमी झाली तर उद्या थकवा येईल, पण मी याआधीही असे दिवस काढले आहेत" हे वाक्य बसवणे, हा उपचाराचाच भाग आहे.

बूटझिनचे नियम, स्पीलमनची अंथरुणावरचा वेळ आखून देण्याची पद्धत, विचारांची दुरुस्ती आणि अंग सैल सोडण्याचा सराव या सगळ्यांची मोट बांधून जो उपचार तयार झाला त्याला निद्रानाशासाठीचा बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. दवाखान्यात तो सीबीटी-आय या नावाने ओळखला जातो. 2016 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशात प्रौढांना आधी हाच उपचार द्यावा, गोळीचा विचार त्यानंतर करावा, असे ठरवून दिले. युरोपातल्या तज्ज्ञांचेही तेच मत आहे.

आता गोळी आणि वर्तनोपचार एकत्र दिले तर? याचे सर्वांत चांगले उत्तर कॅनडातल्या क्विबेकमधल्या चार्ल्स मोरिन या संशोधकाच्या प्रयोगांतून आले. 1999 साली त्याने 78 वृद्धांचे चार गट केले: वर्तनोपचार, गोळी, दोन्ही, आणि नुसती खोटी गोळी. तिन्ही उपचारांनी सुरुवातीला गुण आला. दोन वर्षांनी पाहिले तर ज्यांनी नुसता वर्तनोपचार घेतला होता त्यांचा गुण टिकून होता. गोळीवाल्यांचा ओसरला होता. मग लोक म्हणू लागले की गोळी मध्ये आणूच नका.

2009 साली मोरिनने प्रश्न अधिक बारकाईने विचारला. 160 प्रौढांपैकी अर्ध्यांना सहा आठवडे नुसता वर्तनोपचार, अर्ध्यांना त्याच्याबरोबर रोज झोल्पिडेम. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत सुमारे साठ टक्के लोकांना चांगला फरक पडला. गोळी घेणाऱ्यांची झोप थोडी जास्त, इतकेच. खरी गंमत पुढे आहे. दोन्ही घेणाऱ्या गटाचे त्याने पुन्हा दोन भाग केले. एका भागाची गोळी थांबवली आणि वर्तनोपचार सहा महिने चालू ठेवला. दुसऱ्या भागाला वर्तनोपचाराबरोबर "लागेल तेव्हा घ्या" म्हणून गोळी जवळ ठेवू दिली. नंतर सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या भागातले 68 टक्के लोक निद्रानाशातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले 42 टक्के.

हा फरक लहान नाही. सुरुवात दोघांचीही सारखीच होती. गोळीने त्या कठीण पहिल्या आठवड्यांत आधार दिला, आणि आधार असताना दोघेही नव्या सवयी शिकले. एकाने आधार सोडून चालून पाहिले, दुसऱ्याने काठी खोलीच्या कोपऱ्यात उभी ठेवली. मला याचे कारण असे वाटते: उशाशी गोळी असली की चांगल्या रात्रीचे श्रेय गोळीला जाते, वाईट रात्रीचा दोष आपल्याकडे येतो, आणि स्वतःच्या झोपेवर विश्वास बसायला वावच उरत नाही. गोळी थांबलेली असताना लागलेली झोप मात्र निःसंशय आपली असते.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, लालबागमधले एक निवृत्त गृहस्थ आहेत. रात्री दहाला आडवे होतात, सकाळी सहाला उठतात, मधल्या आठ तासांत झोप लागते जेमतेम पाच तास. पहिले दोन आठवडे त्यांनी फक्त नोंद ठेवायची. वेगळ्या वहीची गरज नाही. ज्या कालनिर्णयाच्या चौकटीत घरचे दुधाचा हिशेब लिहितात तिथेच सकाळी चार आकडे लिहायचे: केव्हा आडवा झालो, अंदाजे केव्हा झोप लागली, मध्ये एकूण किती वेळ जागा होतो, केव्हा उठलो. रात्री घड्याळ बघायचे नाही, सकाळचा अंदाज पुरतो. पाच तासांना आठने भागले तर अंथरुणावरच्या वेळातला 62.5 टक्के वेळच झोपेत गेला. हा आकडा 85 च्या पुढे न्यायचा आहे.

त्यासाठी जे करावे लागते ते ऐकून घरचे लोक दचकतात. झोप कमी लागणाऱ्या माणसाला अंथरुणावरचा वेळ आणखी कमी करायला सांगतात. या गृहस्थांनी रात्री बाराला झोपायचे आणि साडेपाचला उठायचे, रविवार असो की सण. पाच तासांपेक्षा कमी वेळ सहसा देत नाहीत. पहिला आठवडा त्रासाचा जातो. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचत जाते आणि झोपेचा दाब वाढतो; तो दाब दुपारच्या डुलकीने किंवा संध्याकाळी सहाच्या चहाने वाया घालवायचा नाही. चहा-कॉफीतले कॅफिन अ‍ॅडिनोसिनचीच जागा अडवते आणि पाच-सहा तासांनीही त्यातले निम्मे अंगात असते. दाब पुरेसा साचला की झोप एकसंध होऊ लागते. आठवड्याची सरासरी 85 टक्क्यांच्या वर गेली की अंथरुणावरचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढवायचा. असे करत सहा आठवड्यांत ते साडेसहा तासांपर्यंत येऊ शकतात.

पहिल्या त्रासाच्या आठवड्यांतच काही लोक उपचार सोडतात, आणि गोळीची खरी जागा इथे आहे. डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी, कमीत कमी मात्रेत ती देऊ शकतात, थांबवण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगून. वेळेची आखणी पक्की झाली, कालनिर्णयावरचे आकडे सुधारले, की गोळी उतरत्या मात्रेने बंद करायची, आणि भेटी मात्र चालूच ठेवायच्या. गोळी सुटल्यावर दोन-चार रात्री बिघडतात. त्या वेळी समजावणारे माणूस हाताशी हवे.

"झोप नाही आली तर दुसऱ्या खोलीत जा" हा नियम वाचून एकखणी घरातले लोक निराश होतात. दुसरी खोली कुठून आणायची? पण नियमाचा हेतू अंथरूण सोडण्याचा आहे, भिंत ओलांडण्याचा नाही. गॅलरीतली खुर्ची चालते, मोरीशेजारचा पाट चालतो. अंधुक उजेड, हातात फोन नाही, मन गुंतवणारे काही नाही. वाती वळा, भाजी निवडा, जप करा. पेंग आली की परत या. पलंग आहे पण जागा नाही अशा घरात दिवसा त्यावर चादर घालून, उशा उचलून ठेवून तो बसायचा दिवाण करावा, आणि रात्रीच उशा काढाव्या. हे वळकटीचेच नवे रूप आहे.

ज्यांची गोळी दहा-वीस वर्षे चालू आहे त्यांच्याविषयी विशेष लिहिले पाहिजे, कारण ते स्वतःला या सगळ्यापलीकडचे समजतात. 2004 साली मोरिनच्याच गटाने अशा 76 वयस्क लोकांवर प्रयोग केला. ही माणसे सरासरी 19 वर्षे गोळी घेत होती. काहींना दहा आठवडे डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू मात्रा उतरवायला सांगितले, काहींना नुसता वर्तनोपचार दिला, काहींना दोन्ही. मात्रा उतरवणाऱ्यांपैकी 48 टक्के, वर्तनोपचारवाल्यांपैकी 54 टक्के आणि दोन्ही मिळालेल्यांपैकी 85 टक्के लोकांची गोळी सुटली. एकोणीस वर्षांनंतर. "आता या वयात काय सुटणार" म्हणणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांच्या कानावर हा आकडा घातला पाहिजे.

पण लेख वाचून कोणी आज रात्रीच पट्टी केराच्या डब्यात टाकू नये. जुनी गोळी एकदम थांबवली तर भयंकर अस्वस्थता येते, हात कापतात, झटकेही येऊ शकतात. मात्रा उतरवायची ती डॉक्टरने आखलेल्या पायऱ्यांनीच. झोपेची वेळ कमी करण्याचा उपायही प्रत्येकाला चालत नाही. ज्यांना फिट येतात, ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार आहे, जे बस, टॅक्सी किंवा क्रेन चालवतात, त्यांनी तो स्वतःच्या मनाने करू नये. जो मोठ्याने घोरतो, ज्याचा श्वास झोपेत अडकल्याचे घरच्यांनी पाहिले आहे, त्याचे दुखणे वेगळे आहे आणि गोळीने ते आणखी वाढू शकते. रात्रपाळीचा वॉचमन, वॉर्डमधली नर्स, पहाटेच्या अंधारात दादरच्या फुलबाजारात टोपली उतरवणारी बाई यांची झोप घड्याळाने मोडली आहे. त्यांच्यासाठी आखणी निराळी करावी लागते. आणि झोपेबरोबर जगण्याचीच इच्छा उडाली असेल तर सवयींची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

या सगळ्याला तज्ज्ञ मानसोपचारकच हवा, असे मात्र नाही. पिट्सबर्गच्या डॅनियल बायसी यांनी 2011 साली 79 वृद्धांवर या उपचाराची छोटी आवृत्ती वापरून पाहिली. एका परिचारिकेने दोन वेळा प्रत्यक्ष भेटून आणि दोन वेळा फोनवर बोलून तो दिला. चार आठवड्यांत उपचार घेणाऱ्यांपैकी 55 टक्के लोकांचा निद्रानाश गेला. नुसती माहितीपत्रके मिळालेल्यांत हा आकडा 13 टक्के होता. दोन भेटी आणि दोन फोन. आपल्या महापालिकेकडे दवाखान्यांचे जाळे आहे, घरोघर ओळख असलेल्या आरोग्यसेविका आहेत, आणि वाहियांनी जिथे काम केले ते रुग्णालय आहे. परिचारिकांना हे शिकवले आणि गोळीच्या चिठ्ठीमागेच झोपेच्या नोंदीचा तक्ता छापला, तर सुरुवातीला आणखी काही लागणार नाही. महापालिकेच्या आरोग्य खात्याने हे काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

तोपर्यंत तुम्ही एवढे करा. उद्या सकाळपासून चौदा दिवस कालनिर्णयावर ते चार आकडे लिहा. गोळी चालू असेल तर तिचे नाव आणि मात्राही त्याच चौकटीत लिहा, आणि ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना विचारा, "ही गोळी किती दिवसांसाठी आहे, आणि ती थांबवायची तारीख कोणती?" जवळ कोणी डॉक्टर नसेल, किंवा रात्री मन घाबरे झाले, तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.